फळ देवाला वाहिलं, मग सही कुणाला द्यायची?

चुलीवर काही ठेवलं असेल तर जाळ जरा बारीक करा, कारण आजचं बोलणं नेहमीपेक्षा लांबणार आहे. मागच्या दोन भागांत आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल आणि उन्हाळी भाजीपाल्याबद्दल बोललो. आज विषय गीतेचा आहे. ‘हे बचत गटाच्या बायकांचं काम आहे का,’ असं कुणी म्हणेल. पण हा विषय आमच्या गटाच्या बैठकीतच निघाला, आणि तोही एका कागदावरून.

आमच्या गटात एक मावशी आहेत. ‘गोष्ट सांगा, नाव सांगू नका,’ असं त्यांनीच सांगितलंय, म्हणून नुसतं मावशी म्हणतो. मालक जाऊन दहा वर्षं झाली. दोन मुली, दोघी आपापल्या घरी नांदतात. मालक गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून मावशींचं नाव लागायचं ते राहूनच गेलं. आजारी सासूबाई पदरात होत्या, तलाठ्याकडे जायला सवड कुणाला? शेवटची नऊ वर्षं सासूबाईंचं उठणं-बसणं, अंघोळ, औषध, रात्रीचं जागणं, सगळं मावशींनी केलं. दोघे दीर सणाला यायचे.

सासूबाई गेल्या. दिवसकार्याला कीर्तन झालं आणि त्यात निष्काम सेवेवर फार छान निरूपण झालं. आम्हीही बसलो होतो, डोळ्याला पदर लावत होतो. चार दिवसांनी धाकटे दीर हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही एवढी सेवा केलीत, मनात काही न ठेवता केलीत. आता जमिनीत कशाला जीव अडकवता? सही करा. तुमचं देव बघून घेईल.”

मावशींनी तो कागद पिशवीत घातला आणि गुरुवारी बैठकीला आणला. कर्जफेडीच्या नोंदी झाल्या, इतिवृत्तावर सह्या झाल्या, मग कागद सतरंजीवर ठेवला आणि म्हणाल्या, “तुम्ही शिकलेल्या आहात. मला एवढंच सांगा, फळाची आशा सोडायची म्हणजे इथं अंगठा द्यायचा का?”

आम्ही गप्प बसलो. आमच्यात दोघी-तिघी बीए झालेल्या आहेत, पण असलं काही परीक्षेत विचारलं नव्हतं. कागदाचं काय करायचं ते तालुक्याच्या वकीलबाईंना विचारता येईल. पण मावशींना वकिलाचं उत्तर नको होतं. देवाचं नाव घेऊन सही मागितली होती, आणि देवाचं म्हणणं नेमकं काय आहे ते त्यांना हवं होतं. मग आम्ही वाचायला बसलो. महिनाभर जे वाचलं आणि आपसांत भांडलो, ते आज सांगतोय.

पहिली गोष्ट म्हणजे गीता कुठे सांगितली गेली ते आपण विसरतो. ती जमिनीच्या वाटणीच्या भांडणात सांगितली गेली. पांडवांचा हिस्सा कौरवांनी दाबून ठेवला होता. श्रीकृष्ण स्वतः शिष्टाई करायला हस्तिनापुरात गेले आणि शेवटी पाच गावांवरही समेट करायची पांडवांची तयारी होती. दुर्योधन सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीसुद्धा द्यायला तयार झाला नाही. मग रणांगणावर अर्जुनाचे हात गळाले. म्हणाला, या आपल्या माणसांना मारण्यापेक्षा मी भीक मागून खाईन, मला राज्य नको. म्हणजे अर्जुन हक्कसोड करायला निघालाच होता की! आणि ज्या देवाने फळाची आशा धरू नकोस असं सांगितलं, त्याच देवाने त्याला तसं करू दिलं नाही. हे वाचलं तेव्हा बैठकीत एकदम हसू फुटलं. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पुढं वाचा.”

लढाई करा असं आम्ही कुणाला सांगत नाही. पण फळाची इच्छा सोडणं आणि आपला हिस्सा दुसऱ्याच्या हातात देऊन गप्प बसणं या दोन गोष्टी गीतेतच वेगळ्या आहेत, एवढं त्यातून दिसतं.

मग या सगळ्यात देवाचं काम काय? माणसाने काम करावं, फळात जीव अडकवू नये, एवढं सांगायला देव कशाला लागतो? हा प्रश्न आमच्यातल्या धाकट्या सुनेने विचारला आणि तो चांगला होता. गीतेत शोधलं तर देव तीन-चार ठिकाणी वेगवेगळ्या कामाला आलेला दिसतो.

तिसऱ्या अध्यायात तो स्वतः कामकरी आहे. श्रीकृष्ण सांगतात की तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी काम करतोच. मी थांबलो तर माझं बघून लोकही हात आखडतील आणि सगळं मोडून पडेल. सिंहासनावर बसून हुकूम सोडणारा हा देव नाही. तो सारथी होता, घोडे हाकत होता. नवव्या अध्यायात तो घेणारा होतो. पान, फूल, फळ, पाणी, जे भक्तीने द्याल ते घेतो, आणि पुढे म्हणतो की जे कराल, जे खाल, जे द्याल ते सगळं मलाच अर्पण करा. आणि अठराव्या अध्यायात एक हिशेब आहे, तो तर आपल्या शेतकरी बायकांनी पाठच करावा असा आहे. कुठलंही काम तडीला जायला पाच गोष्टी लागतात: कामाची जागा, करणारा, साधनं, नाना तऱ्हेच्या खटपटी, आणि पाचवं दैव. जागा म्हणजे शरीर असाही अर्थ काही टीकाकार करतात, पण आपल्याला शेत म्हटलं तरी चालेल. आता कांदा घ्या. रान आपलं, लावणी आपली, खुरपं आणि मोटर आपली, रात्रीचं पाणी देणं आपलं. आणि काढणीच्या आठवड्यात पाऊस पडला तर ते पाचवं. गीता म्हणते, या पाचांतलं सगळं श्रेय ‘मी केलं’ म्हणून एकट्याने घेणाऱ्याला नीट दिसत नाही. आम्हाला त्याची दुसरी बाजूही दिसली. सगळा दोषही एकटीने घ्यायचा नाही. पीक बुडालं की आपली बाई महिनाभर स्वतःला कोसत बसते, पायगुणापर्यंत बोलणी खाते. पाचातला एक वाटा तिच्या हातात नव्हताच.

अर्थात दैव पाचवं आहे, पहिलं नाही. आधीचे चार वाटे न करता देवावर टाकणाऱ्यांना इथे जागा नाही.

आपल्या मराठी मुलखात ही गीता बायकांच्या कानापर्यंत आली ती ज्ञानेश्वरांमुळे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, नेवाशात त्यांनी गीतेवरची टीका सांगितली, नऊ हजारांच्या आसपास ओव्या, सगळ्या मराठीत. संस्कृत न येणाऱ्यांसाठी तो दरवाजाच उघडला. आपल्या वाट्याचं काम हीच फुलं, ती सर्वांच्या आत असलेल्या देवाला वाहायची, त्याला दुसरी पूजा लागत नाही, असा त्यांचा आशय आहे. पूर्वीचे आचार्य, विशेषतः शंकराचार्य, कर्म ही पायरी मानत. कर्माने मन शुद्ध होतं, पुढे ज्ञान आणि संन्यास. ज्ञानेश्वरांनी शेतातल्या, चुलीपुढच्या माणसाला त्याच्या जागीच पूजा दिली.

इथे एक टोचणारी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर आम्ही लपवली असं होईल. नवव्या अध्यायात देव म्हणतो की माझा आसरा घेतला तर स्त्रिया, वैश्य आणि शूद्रसुद्धा परमगतीला जातात. त्या ‘सुद्धा’वर आमची गाडी अडली. दार उघडलं हे खरं, पण उघडताना खालची पायरीही दाखवली. आणि ‘आपल्या वाट्याचं काम’ हे कुणी वाटून दिलं होतं? आमच्या गटात बुद्धविहारात जाणाऱ्या चौघी आहेत. त्यांनी स्पष्ट सांगितलं की आमच्या आज्यांच्या वाट्याला जे काम आलं ते फूल म्हणून वाहण्यासारखं नव्हतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर हाच आक्षेप घेतला आहे. गीतेतलं कर्म म्हणजे मुळात यज्ञयागाचं कर्म, आणि तिने चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा आधार पुरवला, असं त्यांनी लिहिलं. टिळकांचा अर्थ त्यांना मान्य नव्हता. हे लेखन त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या ग्रंथमालेत काढलं. यावर आमच्यात एकमत झालेलं नाही, आणि ते व्हायलाच पाहिजे असंही नाही. पण तेव्हापासून ‘वाट्याचं काम’ हे शब्द उच्चारताना आमची जीभ जरा अडखळते, आणि अडखळली ते बरंच झालं.

जनाबाईंना मात्र त्या पायरीची भीती नव्हती. गंगाखेडची ही मुलगी, पंढरपुरात दामाशेटींच्या म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, सडा-सारवण, शेण्या वेचणं, धुणं. तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत, आणि त्यांतला विठ्ठल तिच्याबरोबर जात्याचा खुंटा धरतो, शेण्या वेचतो, धुणं धुतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला गेलात तर जनाबाईचं जातं दाखवतात. वारीला जाणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणींनी ते हात लावून पाहिलंय. गीतेतला देव म्हणतो काम मला अर्पण कर. जनाबाईचा देव त्याच्याही पुढे जाऊन कामात निम्मा वाटेकरी होतो. आम्हाला तर ही गीतेवरचीच टीका वाटते, फक्त ती जात्यावर बसून केलेली आहे. बैठकीत एकीने मध्येच विचारलं, “नामदेवाच्या घरातलं कुणी का नाही बसलं तिच्याबरोबर दळायला? देवालाच का यावं लागलं?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मावशी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

आता ज्या बाईची गोष्ट सांगायची आहे तिच्यासाठी आम्ही हा सगळा भाग रचला म्हटलं तरी चालेल. अहिल्याबाई होळकर. जन्म १७२५, गाव चोंडी, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर १७९५ पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, या बाईने महेश्वराहून राज्य चालवलं. शेवटच्या काळात नातू गेला, जावई गेला आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. एवढं सोसून माणूस देवघरात जाऊन बसलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्या पूजा करून रोज दरबारात बसत आणि लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत.

त्यांच्या हुकमांवर ‘श्री शंकर’ असं लिहिलेलं असे. राज्य शंकराचं, आपण त्याच्या आज्ञेने कारभार बघणाऱ्या, अशी ती भूमिका. आता हे नुसतं भाविकपणाचं म्हणून सोडून देऊ नका, कारण त्याचा हिशेबावर परिणाम झाला. सरकारी खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. काशी, गया, सोमनाथ, कितीतरी ठिकाणची देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा हे खासगीच्या उत्पन्नातून होत असे. मालक देव असला की कारभाऱ्याला पैशाला हात लावताना दहादा विचार करावा लागतो. आपल्या गटाच्या पेटीला तीन किल्ल्या तीन बायकांकडे असतात ना, तसंच काहीसं. व्याज कुणा एकीचं नसतं, पेटीत जातं आणि पुन्हा कुणाच्या तरी बियाण्याला, बाळंतपणाला बाहेर येतं.

जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर माळव्यात होता. अहिल्याबाईंना पाहिलेली, त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं तेव्हा जिवंत होती. त्यांना विचारून त्याने आपल्या पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलं, ते पुस्तक १८२३ मध्ये निघालं. त्यात एक प्रसंग आहे. इंदुरात एक श्रीमंत सावकार मूलबाळ नसताना वारला. सेनापती तुकोजी होळकर तेव्हा जवळच छावणी टाकून होते. त्यांना त्या संपत्तीतला वाटा हवा होता. सावकाराची विधवा तडक महेश्वराला गेली आणि अहिल्याबाईंपुढे उभी राहिली. अहिल्याबाईंनी तिचं ऐकलं, तिला मानाची वस्त्रं दिली आणि घरादाराची मालकीण म्हणून तिलाच कायम केलं. तुकोजींना हुकूम गेला की छावणी इंदुरापासून दूर हलवा आणि माझ्या शहराला असा त्रास देऊ नका.

हा भाग आम्ही मोठ्याने दोनदा वाचला.

बघा, अहिल्याबाई स्वतःसाठी काही ठेवत नव्हत्या, सगळं शंकराला वाहिलेलं. पण दुसऱ्या विधवेचं घर कुणी ओढायला लागलं तेव्हा ‘बाई गं, माया सोड, देव बघेल’ असं त्या तिला म्हणाल्या नाहीत. ज्या शंकराच्या नावाने त्यांचा हुकूम निघे, त्याच नावाच्या कारभारात त्या बाईचं घर तिला राहिलं.

पुढचं जरा भराभर सांगतो. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात चार-पाच महिन्यांत त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. सुटून आल्यावर १९१५ मध्ये ते छापलं. संन्यास घेऊन बाजूला होणं हा गीतेचा उपदेश नाही, ज्ञान झाल्यावरही लोकांसाठी काम करत राहावं, आणि त्या कामाचा गाभा भक्ती असावी, असं त्यांनी मांडलं. म्हणजे टिळकांच्या कर्मयोगातही देव आहेच. आम्हाला पुस्तकापेक्षा एका तारखेने जास्त धरून ठेवलं. १९१२ च्या जूनमध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, नवरा मंडालेत असताना. चार वर्षं घर त्यांनी कसं ओढलं असेल, त्यावर कुणी रहस्य लिहिलेलं नाही.

स्वामी विवेकानंदांनी त्याआधीच, १८९५-९६ च्या हिवाळ्यात, न्यूयॉर्कमध्ये कर्मयोगावर व्याख्यानं दिली होती. त्यांनी तर सांगून टाकलं की कर्मयोग्याने देव मानलाच पाहिजे असं नाही. त्यांनी आदर्श म्हणून बुद्धांचं नाव घेतलं. विहारात जाणाऱ्या आमच्या चौघींनी हे वाक्य वहीत उतरवून घेतलं आहे. गांधीजींनी गीतेचा गुजराती अनुवाद केला, १९३० मध्ये तो निघाला, नाव ‘अनासक्तियोग’. त्याच्या प्रस्तावनेत एक फार कामाची गोष्ट आहे. फळाची आसक्ती सोडायची म्हणजे फळ काय येईल याचा विचारच करायचा नाही असं नव्हे. परिणाम, साधन आणि आपली ताकद या तिन्हींचा विचार केलाच पाहिजे, आणि तरीही त्यात गुंतून जाऊ नये. म्हणजे कर्ज घेण्याआधी हिशेब करायचाच. कागदावर सही करण्याआधी तो वाचायचाच.

शेवटी येतो विनोबांच्या आईकडे. रुक्मिणीबाई हे त्यांचं नाव. पुराणाला जाऊन आल्या आणि मुलाला म्हणाल्या, संस्कृत गीता मला समजत नाही. विनोबांनी एक जुना मराठी अनुवाद आणून दिला, तोही त्यांना अवघड गेला. तेव्हा आई म्हणाली, मग तूच का नाही सोपी करून देत? आई १९१८ च्या साथीच्या तापात गेली. ते काम मुलाने १९३०-३१ मध्ये वर्ध्याला पुरं केलं. पुस्तकाचं नाव ‘गीताई’, गीता आणि आई एकाच शब्दात. वर्ध्याजवळ गोपुरीला आता ते सगळे श्लोक दगडी शिळांवर कोरून उभे केले आहेत. ज्या बाईला समजत नव्हतं म्हणून हे झालं, तिला मात्र ते वाचायला मिळालं नाही. निष्काम कामाचं याहून दुसरं उदाहरण आम्हाला सापडलं नाही, आणि ते त्या माउलीला ठाऊकही नव्हतं.

त्यांचीच आणखी एक गोष्ट विनोबा सांगत. आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला. रोज एकेक दाणा मोजून वाहायची. वडील हिशेबी. ते म्हणाले, अगं, तोळाभर तांदळात किती दाणे ते मोज आणि त्यावरून लाखाचं वजन काढ, हवं तर थोडे जास्त टाक. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, ही मोजणी हिशेबाची नाही, दाण्यागणिक देवाची आठवण होते, म्हणून मोजायचं. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि कर्मात मन ओतलं की त्याचं ओझं राहत नाही, असं त्यांनी सोप्या भाषेत समजावलं. आम्हाला वाटतं तो धडा त्यांनी आईच्या तांदळांतच वाचला असणार.

हे ऐकून मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आत्यांना भरवताना माझंही तसंच व्हायचं. एकेक घास. जमीन त्या वेळी डोक्यात नव्हती, खरंच नव्हती.” नंतर कागदाकडे बघून म्हणाल्या, “पण मी घास आत्यांना दिले आणि देवाला दिले. यांना कधी दिले?”

आम्ही महिनाभर वाचून जिथे पोचलो नव्हतो तिथे मावशी एका वाक्यात पोचल्या. नैवेद्य देवाला दाखवतो तेव्हा वाटीवर तुळशीचं पान ठेवतो. मग तो प्रसाद सगळ्यांना वाटतो, दारातल्या कुत्र्यालासुद्धा घास जातो. तिसऱ्या अध्यायातही तेच आहे, नुसतं स्वतःपुरतं शिजवणारा पाप खातो. फळ देवाकडे जातं ते असं पुन्हा सगळ्यांकडे यायला. देवाच्या वतीने मधेच कुणी वाटी उचलून घरी नेत नाही. आणि आशा सोडायची ती करणाऱ्याने आपल्या मनातून. ‘तू आशा सोड’ असं घेणाऱ्याने सांगण्याची सोय आम्हाला गीतेत तरी कुठे आढळली नाही.

सख्यांनो, वेळ संपत आलीय. मालक वारले तेव्हाच त्यांच्या हिश्शाला मावशी, दोन मुली आणि सासूबाईही वारस झाल्या, फक्त कागदावर नोंद राहिली होती. तो वारस नोंदीचा अर्ज आता तलाठ्याकडे दिला आहे. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. अर्जाची पोच मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवली आहे. हक्कसोडपत्राचा कोरा कागद दिरांना परत केला. दोघेही सध्या बोलत नाहीत. तुमच्यापैकी कुणाची अशी नोंद राहिली असेल तर पुढच्या मंगळवारी याच वेळेला वकीलबाई आपल्या स्टुडिओत येणार आहेत, प्रश्न आधी लिहून पाठवा.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. स्वयंपाक आपल्याच घरी करायचा असं मावशी म्हणतात. वड्याची डाळ आम्ही गटातून घेतली आहे. दोन्ही दिरांना निरोप गेलाय.